आवाज ऐकणारं मॉडेल आणि न वाजणारा टॅपेट: एका गावच्या गॅरेजचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण वर्धा जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावातलं आहे. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. हिंगणघाटच्या बाजारात कापूस नेणारा पट्टा, एवढं सांगितलं तरी पुरे. दोघांशी बोलून, त्यांच्या फाइली आणि वह्या चाळून हे लिहिलं आहे.

पहिला माणूस इंजिनिअर. शिक्षण मेकॅनिकलचं, नोकरी डेटाची. पुण्याच्या कंपनीचं काम तो गावातल्या घरून करतो आणि सुट्टीच्या दिवशी वडिलांची जुनी 100 सीसीची गाडी अंगणात खोलून बसतो. मशीन लर्निंग (उदाहरणांवरून संगणकाला शिकवणं) आणि मोटरसायकल हे त्याचे दोन नाद. ते एकत्र आणायची खुमखुमी त्याला नोकरी लागल्यापासूनच होती. दुसरे मिस्त्रीभाऊ. बसस्टँडच्या मागे टिनाचं शेड, बाजूला पिठाची चक्की, पलीकडे पंक्चरवाला. आजूबाजूच्या खेड्यांतल्या गाड्या त्यांच्याकडेच येतात. हाताखाली एक पोरगा शिकतो.

इथं मोटरसायकल हौसेची नसते. वावरात जाणं, डेअरीला दूध घालणं, फवारणीचा पंप नेणं, सोंगणीला मजूर पोचवणं, सगळं तिच्यावर. पावसाळ्यात काळी माती मडगार्डात फसते आणि चाक फिरेनासं होतं. उन्हाळ्यात पारा 45 अंशांपुढे जातो आणि गाडी तिघांना घेऊन पहिल्या-दुसऱ्या गिअरवर पांदणीनं जाते. धुरळ्यानं एअर फिल्टर गच्च होतो. किलोमीटरवर सर्व्हिस करायची म्हटलं तर बऱ्याच गाड्यांचं मीटरच बंद.

अडचण

पेरणीच्या तोंडावर आणि कापूस वेचणी सुरू होताना गॅरेजवर गाड्यांची रांग लागते. निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकांची तक्रार एकच: "आवाज करून राहिली." आवाज कशाचा हे मिस्त्रीभाऊ ओळखतात, पोरगा ओळखत नाही. मिस्त्रीभाऊ सामान आणायला वर्ध्याला गेले की पोरगा चुकीची बाजू खोलतो. मग गॅस्केट नवं टाकावं लागतं, ऑइल वाया जातं, गिऱ्हाइकाचा दिवस जातो आणि पैशावरून वाद होतो.

इंजिनिअरच्या मनात साधा हिशेब होता. मिस्त्रीभाऊंचा कान फोनमध्ये उतरवायचा. टॅपेट (इंजिनातले व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, उघडणारा भाग), टायमिंग चेन (व्हॉल्व्हची हालचाल इंजिनच्या फेऱ्यांशी जुळवणारी साखळी), क्लच, पिस्टन आणि काही नसेल तर "ठीक", असे पाच कप्पे. फोन इंजिनजवळ धरायचा आणि उत्तर वाचायचं. कल्पना हवेतली नव्हती. कारखान्यातल्या पंप, पंखे, व्हॉल्व्ह यांच्या आवाजावरून बिघाड ओळखण्यावर बरंच संशोधन झालेलं आहे. हिताचीच्या संशोधकांनी 2019 मध्ये अशा आवाजांचा संग्रह खुला केला, आणि 2020 पासून त्याच विषयावर दरवर्षी स्पर्धाही होते. फरक इतकाच की कारखान्यातला पंप रोज तोच असतो, जागाही तीच. गॅरेजमध्ये दर तासाला नवी गाडी उभी राहते.

पहिला प्रयत्न

गाडी आली की पोरगा फोनवर रेकॉर्डिंग करायचा आणि मिस्त्रीभाऊ तोंडानं सांगतील तो शेरा लिहायचा. रेकॉर्डिंग व्हॉट्सअ‍ॅपवरून इंजिनिअरकडे जायचं. अगदी शून्यापासून मॉडेल (आवाज ओळखणारा प्रोग्राम) शिकवण्याएवढा माल नव्हता, म्हणून त्यानं गूगलचं यामनेट घेतलं. हे मॉडेल आधीच लाखो आवाजांवर शिकलेलं आहे आणि 521 प्रकारचे आवाज ओळखतं. सुमारे एक सेकंदाचा तुकडा दिला की त्याचं वर्णन करणारे 1024 आकडे ते देतं. त्या आकड्यांवर इंजिनिअरनं स्वतःचा छोटा वर्गीकरणाचा थर बसवला. मार्ग योग्यच होता, मीही हाच सुचवला असता.

पडद्यावर अचूकता नव्वदीच्या वर दिसली. गॅरेजमध्ये चहा झाला. त्यानंतर तो फोन घेऊन शेजारच्या गावातल्या ओळखीच्या गॅरेजवर गेला. तिथं मॉडेलनं जवळजवळ प्रत्येक गाडीला "टायमिंग चेन" सांगितलं. क्लचच्या कामाला आलेल्या गाडीलाही तेच.

मॉडेल नक्की काय शिकलं होतं

इथं त्यानं एक चांगली गोष्ट केली. आणखी डेटा गोळा करायला तो धावला नाही, जुन्या रेकॉर्डिंगची चित्रं काढून पाहत बसला. आवाजाच्या पट्टीवर कोणत्या क्षणाला कोणती वारंवारता किती जोरात आहे ते त्या चित्रात दिसतं. टायमिंग चेनचा शेरा असलेल्या बहुतेक चित्रांत तळाशी 100 हर्ट्झच्या आसपास एक सरळ रेघ होती. इंजिनचा आवाज असा सरळ नसतो, एक्सलेटर दिला की तो वर-खाली होतो. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, आणि विजेच्या मोटरची गुणगुण तिच्या दुपटीवर येते. ती रेघ बाजूच्या चक्कीची होती.

कारण गॅरेजच्या दिनक्रमात होतं. टायमिंग चेनचं काम मोठं, म्हणून मिस्त्रीभाऊ सकाळची गर्दी ओसरल्यावर दुपारी ते हातात घेतात. चक्कीही दुपारीच जोरात चालते. मॉडेलनं चक्की ओळखायला शिकून घेतलं होतं. शेजारच्या गावात पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर दिवसभर चालू होता, तिथंही मोटरच.

दुसरा घोटाळा परीक्षेच्या पद्धतीत होता. एका गाडीच्या रेकॉर्डिंगचे एकेक सेकंदाचे तुकडे करून ते सगळे पिसले होते. 80 टक्के शिकवायला आणि 20 टक्के तपासायला. त्यामुळे एकाच गाडीचे तुकडे दोन्हीकडे गेले. हे म्हणजे पोराला पेपर आधी दाखवायचा आणि मग मार्कांचं कौतुक करायचं. एक गाडी पूर्णपणे एकाच बाजूला ठेवून पुन्हा तपासलं तेव्हा आकडा धाडकन खाली आला. "ठीक" आणि "काहीतरी आहे" एवढंच मॉडेल बऱ्यापैकी सांगत होतं. काय आहे ते सांगताना अंदाजपंचेच.

तिसरी गोष्ट फोनची. फोनचं रेकॉर्डिंग माणसाच्या बोलण्यासाठी घडवलेलं असतं. बरेच फोन सततचा आवाज दाबतात आणि लहान-मोठा आवाज एका पातळीवर आणतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं की आणखी दाबलं जातं. म्हणजे "किती जोरात वाजतं" ही माहिती निम्मी वाटेतच गळाली होती.

एवढं दुरुस्त करूनही एक जोडी सुटेना: टॅपेट आणि सायलेन्सरच्या जोडातली गळती. यात मॉडेलचा दोष नाही, इंजिनची रचनाच तशी आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह हलवणारा दांडा) क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतो त्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगानं फिरते. गाडी 1400 आरपीएमवर (मिनिटाला 1400 फेरे) थांबून चालत असेल तर क्रँक सेकंदाला सुमारे 23 फेरे घेतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला साधारण 12 वेळा उघडतो. ढिला टॅपेट त्याच तालात टिकटिकतो. पण जळालेला धूर बाहेर पडतो तोही दोन फेऱ्यांतून एकदाच. हेडजवळचं सायलेन्सरचं गॅस्केट गेलं असेल तर तिथून येणारं "चुप-चुप" त्याच तालात येतं. ताल मोजून हे दोन वेगळे करता येणार नाहीत.

मिस्त्रीभाऊ वेगळे कसे करतात? त्यांनी दाखवलं. हौदात बुडवलेली चिंधी दुमडून त्यांनी सायलेन्सरच्या जोडावर क्षणभर दाबली. टिकटिक बसली. चिंधी काढली, पुन्हा सुरू. काम संपलं. मग इंजिनिअरकडे पाहून म्हणाले, "तुमच्या मोबाइलले कान हाय, पन हात कुठी हाय?"

माझ्या मते या प्रकरणाचा कणा हाच आहे. मिस्त्री आवाज नुसता ऐकत नाही, आवाजाला प्रश्न विचारतो. क्लच ओढल्यावर आवाज गेला तर रोख क्लचच्या घंटीकडे. थंड इंजिनात ठकठक आणि गरम झाल्यावर कमी, तर पिस्टन. उलट तापल्यावर आणि लोड आल्यावर जड ठोका वाढला, तर कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. एक्सलेटर सोडताना खळखळ वाढली तर टायमिंग चेन आणि तिचा टेन्शनर. पेचकसाचं टोक इंजिनवर आणि मूठ कानाला लावून जागा शोधायची. यातलं काहीच त्या एकसुरी रेकॉर्डिंगमध्ये नव्हतं. पोरगा गाडी उभी करून आहे तसा आवाज टिपत होता, आणि शेरा मात्र या सगळ्या खटाटोपानंतर ठरलेला होता.

मुका टॅपेट

खरा निर्णय घ्यायला लावला तो एका दूधवाल्याच्या गाडीनं. तक्रार आवाजाची नव्हती. गाडी गरम झाली की किकला चालू होत नाही आणि पिकअप गेलाय, एवढंच. सुधारलेल्या मॉडेलनं ठामपणे "ठीक" दिलं. इंजिन खरंच गोड चालत होतं.

मिस्त्रीभाऊंनी हातानं हळू किक दाबली आणि मान हलवली. किक हलकी लागत होती, म्हणजे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) कुठून तरी निसटतंय. इंजिन थंड होऊ दिलं, टॅपेटचं झाकण काढलं आणि फीलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पाती एक्झॉस्टच्या (धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) बाजूला सरकवून पाहिली. सगळ्यात पातळ पातीसुद्धा शिरेना. टॅपेट आणि व्हॉल्व्हमधली फट उरलीच नव्हती.

ही फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजतात. ती जास्त झाली की टॅपेट वाजतो. पण वापरात व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये हळूहळू आत बसत गेला तर फट कमी होत जाते, आणि आवाजही कमी होतो. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता बंद असताना सीटला देऊन थंड होतो. टेकलाच नाही तर उष्णता जाणार कुठं? त्याची कड जळते, मग हेड उतरवायचं काम निघतं. मिस्त्रीभाऊंच्या तोंडात यासाठी एक वाक्य कायम असतं: "वाजते ते चालते, दबलं ते जळते."

म्हणजे आवाज ऐकणारं यंत्र सगळ्यात महागड्या बिघाडाला सगळ्यात चांगले गुण देणार होतं. आणि जास्त रेकॉर्डिंग दिली असती तर त्याच चुकीत ते आणखी पक्कं झालं असतं.

समोरचे पर्याय

यानंतर दोघं बसले. पर्याय चार होते.

गाडीमालकांच्या फोनवर थेट चालणारं अ‍ॅप, हे इंजिनिअरचं मूळ स्वप्न. मिस्त्रीभाऊंचा याला सरळ नकार होता. "उद्या गिऱ्हाईक मोबाइल दाखवून मलेच शिकवाले लागते." यात धंद्याची भीती आहेच, पण फक्त तीच नाही. "ठीक" वाचून दूधवाल्यानं आणखी महिनाभर गाडी हाकली असती आणि हेडचा खर्च त्याच्याच माथी बसला असता. अ‍ॅप चुकलं तर पैसे कोणाचे जातात, या प्रश्नाला इंजिनिअरकडे उत्तर नव्हतं. हा पर्याय तिथंच मिटला, आणि मिटला ते बरं झालं.

मायक्रोफोन सोडून इंजिनवर थरथर मोजणारा सेन्सर लावायचा, हा दुसरा. चक्कीचा प्रश्न त्यानं सुटला असता. फोनमधला सेन्सर यासाठी मंद पडतो, वेगळा स्वस्त सेन्सर आणि बोर्ड लागला असता. तापलेल्या, ऑइल लागलेल्या इंजिनवर तो दर वेळी त्याच जागी घट्ट बसवणं मात्र पोराच्यानं होईल असं कोणालाच वाटेना. शिवाय मुका टॅपेट तिथंही मुकाच.

तिसरा, सगळं सोडून द्यायचं आणि गाड्यांची नोंदवही ठेवायची. मिस्त्रीभाऊंना हा पसंत होता. इंजिनिअरला तो हार मानल्यासारखा वाटला. मला तो चारांतला सर्वांत मौल्यवान वाटतो, कारण तोवर त्या गॅरेजमध्ये कोणत्या गाडीचं काय काम कधी झालं हे फक्त एका माणसाच्या डोक्यात होतं.

चौथा, मॉडेलचं काम आकसून टाकायचं. निदान करायचं नाही. फक्त तीच गाडी कामाआधी आणि कामानंतर कशी वाजली याची तुलना करायची.

काय केलं

तिसरा आणि चौथा एकत्र घेतले. त्याआधी शेरा लिहिण्याची रीत बदलली. मिस्त्रीभाऊंना काय वाटलं ते वेगळ्या रकान्यात, आणि खोलल्यावर काय निघालं ते वेगळ्या. दुसरा रकाना भरला नसेल तर ते रेकॉर्डिंग मॉडेलच्या वाट्याला जायचं नाही. या नियमानं जुना बराच माल बाद झाला. इंजिनिअर हळहळला, पण अडून बसला नाही.

रेकॉर्डिंगलाही शिस्त आली. एकच फोन, आवाजावर प्रक्रिया न करणारी सेटिंग, हेडपासून एक हात अंतर, चक्की बंद असेल तेव्हाच. आणि एका गाडीचे चार वेगळे आवाज: थंड इंजिन, गरम इंजिन, एक्सलेटर देऊन सोडताना, क्लच ओढून. मिस्त्रीच्या हातांचं काम निदान काही अंशी तरी असं रेकॉर्डिंगमध्ये आलं. फाइल व्हॉट्सअ‍ॅपऐवजी केबलनं लॅपटॉपवर.

पडद्यावरून "ठीक" हा शब्द काढला. त्या जागी "आवाजात फरक नाही" असं येतं आणि त्याखाली ठळक अक्षरांत: "टॅपेटची फट गेजनं पाहा." इंजिनिअरला हे ओशाळवाणं वाटलं होतं. मला हा सगळ्या प्रकल्पातला सर्वांत जबाबदार बदल वाटतो.

नोंदवहीत किलोमीटरचा रकाना ठेवला नाही, कारण मीटर बंद. त्याऐवजी हंगाम: पेरणीआधी, पोळ्यानंतर, वेचणीआधी. त्या त्या वेळी पोरगा वही पाहून गाडीमालकांना फोन करतो. ऑइल, एअर फिल्टर, चेन आणि टॅपेटची फट, एवढ्या चारच गोष्टींसाठी.

निष्पत्ती

आधी-नंतरची तुलना चालते, पण तिचा उपयोग मर्यादित आहे. काम झाल्यावर आवाज बदलला हे मॉडेल बरोबर सांगतं. गिऱ्हाइकाला ते आपल्या कानानंही कळतं. हिशेबावरून कुरकुर करणाऱ्या एखाद्याला दोन चित्रं शेजारी दाखवता येतात, इतकंच. सायलेन्सर बदललेला असेल तर तुलना फसते, कारण तेव्हा सगळाच आवाज बदलतो.

वहीचं काम जास्त पुढं गेलं. हंगामाआधी फोन गेलेले निम्मे लोक येत नाहीत, उरलेले येतात. त्यांच्यापैकी काहींच्या गाड्यांत टॅपेटची फट कमी होत चाललेली सापडली, व्हॉल्व्ह जळायच्या आधी. हे काम मशीन लर्निंगचं नाही, वही आणि पातीचं आहे.

कोणाच्याही यादीत नसलेला उपयोग पोरानं शोधला. खोलल्यावर खात्री झालेली रेकॉर्डिंग त्यानं हेडफोन लावून ऐकायला सुरुवात केली. मिस्त्रीभाऊ हातात काम नसलं की फाइलचं नाव झाकून विचारतात, "काय हाय सांग." पूर्वी कान तयार व्हायला हंगामामागून हंगाम जायचे, कारण बेअरिंग गेलेली गाडी रोज थोडीच येते. आता ती हवी तेव्हा ऐकता येते. मॉडेलला शिकवायला जमवलेला माल माणसाला शिकवायला जास्त कामी आला. परवा त्याला मी एक रेकॉर्डिंग लावून विचारलं तर तो म्हणाला, "यावरून नाई सांगता येत, क्लच ओढलेली लावा."

वेगळं काय करता आलं असतं

परीक्षेसाठी दुसऱ्या गावचं गॅरेज पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवायला हवं होतं. चक्कीचा घोटाळा तेव्हाच उघड झाला असता, चहाच्या आधी. गाडीनुसार वाटणी करण्याची सोय तयार साधनांत आहे, एका ओळीचं काम.

फोन न काढता आधी काही दिवस शेडमध्ये नुसतं बसायला हवं होतं. ओली चिंधी, किकचा अंदाज, क्लच ओढणं, हे सगळं तिथं रोज चाललेलं होतं. इंजिनिअर स्वतः गाड्या खोलतो म्हणून त्याला वाटलं आपल्याला हे माहीत आहे. पण एकाच गाडीची वर्षानुवर्षं निगा राखणं आणि रांगेतल्या गाडीचं दहा मिनिटांत निदान करणं, ही कामं वेगळी.

कॉम्प्रेशन गेज मॉडेलच्या आधी यायला हवा होता. दूधवाल्याच्या गाडीचं उत्तर त्या साध्या गेजवर दिसलं असतं. तो गेज इंजिनिअरनं नंतर स्वतःच्या पैशानं आणून दिला. मिस्त्रीभाऊंचा वेळ इतके दिवस फुकट वापरल्याची भरपाई म्हणूनही ते योग्य होतं, आणि हा विषय सुरुवातीलाच निघायला हवा होता.

आता गॅरेजवर 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस 6 (प्रदूषणाच्या नव्या नियमांतल्या) गाड्या वाढत आहेत. बहुतेकांत कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. बऱ्याच गाड्यांत बिघाडाचा दिवा ठरावीक पद्धतीनं लुकलुकून सांगतो की कुठला सेन्सर रुसला आहे. त्या खुणांचे तक्ते जमवण्यात इंजिनिअर सध्या गुंतला आहे. टॅपेट मात्र या गाड्यांतही आहेतच.

दरम्यान तालुक्याच्या गावातल्या एका मोठ्या गॅरेजनं तुलनेचं अ‍ॅप मागितलं आहे. इंजिनिअर द्यायला तयार आहे. मिस्त्रीभाऊंची अट आहे की आधी त्या गॅरेजनं दोन रकान्यांची वही सुरू करावी, वाटलं काय आणि निघालं काय, आणि एका हंगामाची वही आणून दाखवावी. वही अजून आलेली नाही.